बिननिशाणीची शंभर नाणी

सिंदेवाही, सोमवार

आदरणीय गुणवंतराव भाऊजी,

साष्टांग नमस्कार. ताईचा गुडघा आणि आपला स्वभाव, दोन्ही आता जरा नरमले असतील अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक. फक्त मला चार दिवसांपासून टपरीवरचा चहा मिळालेला नाही. एवढा अन्याय या तालुक्यात कुणावर झाल्याचं आठवत नाही. (फोनवरच सांगितलं असतं, पण हे पाकिटातूनच पाठवण्यासारखं आहे.)

झालं असं की, बँकेत पैसे काढायला गेलो तर नोटा संपल्या म्हणून कॅशियरने दहाच्या नाण्यांचा हजार रुपयांचा खोका पुढे सरकवला. सील फोडताना टांकसाळीचं नाव असलेली चिठ्ठी त्याने नेमकी फाडली. आपल्याकडे दहाचं नाणं कुणी घेत नाही, हे आपण जाणताच. (बंद झालं म्हणतात. कुणी केलं, ते विचारायचं नाही.) ठमाबाईच्या टपरीवर आठवड्याची उधारी म्हणून सहा नाणी ठेवली, तर ती म्हणाली, "हा शिक्का नाई चालत, भाऊ. साखरवाला माह्याकडून घेत नाई, मंग मी काऊन घेऊ? आधी उधारी, मंग चहा."

इथे गप्प बसायला हवं होतं. पण मी पडलो शिकलेला! घड्याळवाल्या गुलाबचं भिंग मागून आणलं आणि टपरीवर व्याख्यान दिलं. नाण्यावरच्या सालाखाली पाहा : पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा. निशाणी दिसली की नाणं अस्सल! लोकांना पटलं. जो तो दडवलेली नाणी आणून भिंगाखाली धरू लागला. ठमाबाईही विरघळली. "चांदणीवाला चालते. आणा तुमचे."

मी रुबाबात खोका उघडला. पहिल्या नाण्याला सालाखाली काही नाही. दुसऱ्यालाही नाही. शंभरच्या शंभर कोऱ्या कपाळाची! (कोलकात्याची टांकसाळ निशाणी टाकतच नाही, एवढंच व्याख्यानात राहून गेलं होतं.) ते सांगितलं, तर ठमाबाई म्हणते, "निशाणी नाई, तेच निशाणी? असं तं नकलीवालाही सांगन, भाऊ!"

आधी सगळ्यांचीच नाणी नापास होती. माझ्या ज्ञानदानानंतर आता फक्त माझी आहेत.

आपला मेहुणा,
श्रावण

ता. क. : मागल्या खेपेला पेट्रोलसाठी आपण दिलेले दोनशे रुपये शेजारच्या मिथुनच्या ट्रकमधून सोबत पाठवतो आहे. पाकीट जड लागलं तर दचकू नये. आपण शिकलेले आहात. भिंग लागणार नाही. आपल्या सिरोंच्यात ही नाणी चालत असतील तर कळवा, उरलेलीही पाठवतो.

ता. क. २ (मंगळवार) : ठमाबाईचे साठ रुपये आज सकाळी घरातल्या नोटांनी देऊन आलो. साखरवाला पैशांसाठी तिच्यापुढे उभा होता.