करडाचं कातडं

आबा, एक निरोप तुम्हाला द्यायचा राहिलाय. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा. तुम्हाला वाचता तेव्हाही येत नव्हतं, आणि आता तर तुम्हीच नाही, त्यामुळे हे लिहून मी कोणाची समजूत घालतेय कोण जाणे.

धाकटीला, माझ्या पाठच्या बहिणीला, साखरेचा आजार निघाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि मी सातवीत. माले गावच्या आपल्या घरात साखर सणासुदीलाच यायची, म्हणून आईला ते नावच पटेना. "गोड कवा खाल्लं वं हिनं?" असं ती येईल-जाईल त्याला विचारायची. पोरगी तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची आणि दिवसेंदिवस वाळत चालली होती. मग सुई आली. काचेची पिचकारी मी उकळायची, औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायची, आणि टोचायचीही मीच. अडलेली शेळी सोडवणारे तुम्ही, पण सुई निघाली की गोठ्यात निघून जायचात. ते औषध जनावराच्या पोटातल्या एका ग्रंथीतून काढतात, हेही मीच तुम्हाला सांगितलं. तिथून तुमच्या डोक्यात काहीतरी घोळायला लागलं.

त्याच हिवाळ्यात एका शेळीचं करडू मेलेलं जन्मलं आणि दुसरी शेळी करडू मागे ठेवून मेली. मी गोठ्याच्या दारात उभी आहे. शेळी त्या पोरक्या करडाला हुंगते आणि लाथाडते. तुम्ही मेलेल्या करडाचं कातडं सोलता, पोरक्याच्या पाठीवर घालता, पोटाखाली सुतळीने बांधता. शेळी पुन्हा हुंगते, बराच वेळ हुंगते, आणि गप उभी राहते. करडू शेपूट हलवत लुचायला लागतं. "चार दिस ऱ्हाऊ द्या," तुम्ही म्हणता. "तिचं दूध ह्येच्या अंगात मुरलं की वास तिचाच येतुया. मंग काडायचं कातडं." धाकटी हसून टाळ्या पिटते.

पुढच्या तपासणीला आपण पुण्याला गेलो. तुम्ही मुंडासं काढून हातात धरलंत आणि म्हणालात, "डाक्टरसायेब, रोज टोचन्यापरीस बोकडाची ती गाठच पोरीच्या पोटात बसवा की. माझा बोकड देतो." नर्स एकमेकींकडे बघायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "शरीर परकं ओळखतं, बाबा. बसवली तरी नासवून टाकेल." मला वाटलं, आता तरी तुम्ही गप्प बसाल. पण तुम्ही कसले बसता! "वळाकतंय व्हय? मंग कातडं घाला की तिला. शेळी फसती, शरीर न्हाई फसायचं?" आणि करडाची सगळी गोष्ट तुम्ही हातवारे करून सांगितलीत. सगळे हसले. मीही हसले. तुम्ही धाकटीला उचलून बाहेर गेलात.

वर्षाच्या आत धाकटी गेली. ताप आला, शुद्ध हरपली, पौडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. त्यानंतर तुम्ही कोणालाच काही विचारलं नाही. शेळ्यांच्या औषधाचं कोणी विचारायला आलं तरी "आमाला काय कळतंय" म्हणायचात. तुम्ही! ज्यांना बोलवायला घोटावड्याहून माणसं यायची.

मी पुढे प्रयोगशाळेत नोकरी केली, हे तुम्ही पाहिलं नाहीत. तिथे डुकराच्या त्याच ग्रंथीतल्या पेशी साखर झालेल्या उंदरांच्या पोटात सोडायचे. पेशींना समुद्री शेवाळाच्या चिकाचं पातळ वेष्टण, उंदराच्या शरीराने परकं ओळखू नये म्हणून. काही दिवस साखर उतरायची, आम्ही चहा मागवायचो. मग ती पुन्हा चढायची. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं तर वेष्टणाभोवती उंदराच्या पेशींचा गराडा, आणि आतल्या पेशी गुदमरून मेलेल्या. तिथले साहेब ती वेष्टणाची युक्ती आल्यागेल्याला कौतुकाने समजावून सांगत. मी मान डोलवायची. आमच्या आबांना हे गोठ्यात सुचलं होतं, असं म्हणायला माझी जीभ तिथेही उचलली नाही. धाकटीसारख्यांना अजूनही सुईच लागते, आबा.

आता निरोप. तुम्ही बाहेर गेल्यावर डॉक्टरांनी मला थांबवलं. ते हसत नव्हते. म्हणाले, "वडिलांना सांग, प्रश्न वेड्याचा नाही. कातडं कसं घालायचं ते अजून कुणालाच ठाऊक नाही, एवढंच." एसटीत धाकटी तुमच्या मांडीवर झोपली होती. तुम्ही विचारलंत, "मागं थांबवून काय म्हनलं गं सायेब?" मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काय न्हाई. फुडच्या येळंला गप बसा म्हनलं."

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून खरं लिहिते. निरोप द्यायचा राहिला नव्हता. मला तुमची लाज वाटली होती, म्हणून मी तो दिला नाही.