बघायला गेले होते

उपोलू, सामोआ
गुरुवार, १२ जून

प्रिय अकेनेसे, तुला आणि मुलांना आशीर्वाद.

आम्ही सगळे ठीक. आईचे गुडघे तसेच आहेत. नीरफणस यंदा लवकर लागले. फोनच केला असता, पण या घरात फोन म्हणजे चावडी. लोसा आत्या उद्या ऑकलंडला निघाली आहे, तिच्या हाती हे देते. वाचलंस की फाडून टाक.

आता ऐक. हे सगळं तुझ्यामुळे झालंय. नाताळात आलीस आणि "ताई, बावीस वर्षं पाळकाची बायको आहेस, दुसऱ्यांचे देव कुठे राहतात ते तरी बघ" म्हणत मला ओढून नेलंस. मशीद झाली, कॅथलिकांचं मोठं चर्च झालं, डोंगरावरचं बहाईंचं नऊ दारांचं मंदिर झालं. तू फुलाफुलांचा झगा घालून फोटो काढत सुटली होतीस. गावात कुणी चकार शब्द काढला नाही. पाहुणी बहीण आली आहे, फिरताहेत दोघी, एवढंच.

मग मी एकटी गेले. डोंगरावरच. एकदा नाही, चारदा. आणि माझी अक्कल बघ, परक्या जागेचा मान राखावा म्हणून रविवारचा पांढरा झगा आणि टोपी घालून गेले! बसमध्ये पाळकीणबाईंना पुढची जागा रिकामी करून देतात, त्यामुळे मी कुठे उतरले ते अख्ख्या बसनं पाहिलं. चर्चच्या कारभाऱ्याची बायको सेलेपा, तिनं महिला मंडळात सगळ्यांसमोर विषय काढला. "बघायला जाणारा फुलाफुलांचं घालतो," म्हणाली, "पांढरं घालून जातात ते प्रार्थनेला."

 खोटं असतं तर तिला चांगली सोलून काढली असती.

सोमवारी यावर गावाची बैठक आहे. गावानं बोलावलं म्हणून इसाको इथला पाळक. गावानं नको म्हटलं की घर खाली करायचं. त्याचं वय, त्याचा रक्तदाब, आई आमच्याजवळ. जायचं कुठे? त्यानं मला नीट समजावलं. उभी राहा, म्हण बघायला गेले होते, हवं तर बहिणीला विचारा. म्हणजे ते तुला फोन करणार. मी बरं म्हटलं.

मग त्यानं विचारलं, "काय असतं गं तिथे?"

"काही नसतं," मी म्हटलं. "कुणी उपदेश करत नाही."

बिचारा चहा तसाच ठेवून रविवारचा उपदेश लिहायला बसला. मला माझाच इतका राग आला! पण खोटं काय बोलले मी? त्याचा उपदेश मी शनिवारी घरात ऐकते, रविवारी पुढच्या बाकावर पुन्हा ऐकते. कुठल्या वाक्याला त्याचा गळा दाटणार तेसुद्धा मला पाठ आहे. आणि मागून सगळं गाव बघत असतं, पाळकीणबाई डोळे मिटतात का, गातात का. वीट आलाय मला. डोंगरावर मला कुणी ओळखलं नाही. मागच्या खुर्चीवर बसले आणि आपोआप बोलायला लागले. देवाशी. आपल्याच देवाशी गं, दुसऱ्या कुणाशी नाही. हे सेलेपाला कसं सांगू? इसाकोला तरी कसं सांगू?

काल लिहायला बसले ती तुला पढवायलाच. सांग म्हणावं, ताई नुसती बघायला गेली. तो कागद मी सकाळी चुलीत घातला. फोन आला तर नाताळातलं खरं ते सांग, आपण बघायलाच गेलो होतो. पुढच्या चार खेपांबद्दल माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. त्याचं उत्तर सोमवारी मी उभी राहून देईन. प्रार्थनेला गेले होते, म्हणेन. बावीस वर्षांत एवढीच माझी स्वतःची प्रार्थना झाली, तीही नाकारली तर माझ्याकडे उरतं काय?

इसाकोशी अजून बोलले नाही. जेवण झालं की बोलते. आईसाठी तुझ्याकडची एक खोली रिकामी करून ठेव.

सोमवारपर्यंत या गावची पाळकीणबाई,
आणि तुझी ताई,
सीनिवा