साखरेच्या डब्याखालचा कागद

वीत्स्के,

तू यायच्या आत निघतोय. दारात पुन्हा तोंडातोंडी नको. नीन्के पोहायला गेली आहे, पाचला तिला आण. तिच्या सायकलचं मागचं चाक सारखं बसतंय, पंक्चर काही मला सापडलं नाही. वाटाण्याचं सूप पातेल्यात आहे. त्यात सॉसेज कमी वाटलं तर ते मी खाल्लंय, पोरीवर ओरडू नकोस.

नोटरीबाईंनी दिलेला आपल्या मृत्युपत्राचा कागद अजून साखरेच्या डब्याखालीच आहे. 'आम्ही दोघंही नसलो तर मुलगी कोणाकडे राहील?' एवढी एकच ओळ अडली आहे. मी माझ्या बहिणीचं नाव लिहिलं, ते तू खोडलंस. तू तुझ्या आईचं लिहिलंस, ते मी खोडलं. पोरीला घर सोडावं लागू नये म्हणून घटस्फोटानंतर एक आठवडा तू इथे, एक आठवडा मी, हे आपण दोन मिनिटांत ठरवलं होतं. या एका ओळीला मात्र दोन महिने झाले.

आज सकाळी त्या ओळीवर पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: 'मी एकटी राहीन. मला पावाला लोणी लावता येतं.'

नऊ वर्षांची आहे गं ती. तिने लोणी लावून दिलेला पाव मी तिच्यासमोर बसून खाल्ला.

खोडण्यात आपण दोघंही तरबेज आहोत, पण हे खोडायला माझा हात धजत नाही. रबर कागदावरच ठेवलंय. तुला जमतंय का बघ.

डाउव