टोपणाखालचे कागद

पाइक्स फेरी, न्यू हॅम्पशायर
२१ सप्टेंबर १९९८

प्रिय वर्ना हिला,
अर्डिथचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. कान तेवढे पुरते गेले. जन्मभर रंधा मशीनशेजारी उभी राहिले, त्याचं हे बक्षीस. म्हणून फोन करत जाऊ नकोस, मी नुसतं हो हो म्हणते आणि तुला वाटतं मी कबूल झाले.

आता मुद्द्याचं. माझ्या भावाचा बँडसॉ, ते करवतीचं यंत्र, तुझ्या कोठारात ताडपत्रीखाली उभा आहे. बंद पडलेल्या खुर्च्यांच्या कारखान्यातून तो मी आणि मर्टननं शोधून आणला. मर्टननं त्याची बेअरिंगं नव्याने ओतली, टोपणं बसवली, आणि नुसती करवतीची पट्टी चढवायची राहिली असताना तो गेला. त्यालाही आता दोन हिवाळे झाले. असं यंत्र उभं ठेवलं की गंज धरतं. बर्फ पडायच्या आत मी ट्रेलर घेऊन येते. तुला त्याचा काय उपयोग? तू त्यावर काय कापणार, पाव?

तुझा सफरचंदाचा मुरांबा संपला. बरणी परत पाठवते आहे. भर असं मी म्हणत नाही, पण भरलीस तर परतही करणार नाही.

माया होती तशीच ठेव.
तुझी,
अर्डिथ


हार्लो मिल्स, व्हरमाँट
२९ सप्टेंबर १९९८

ती. अर्डिथताईंना,
वर्नाचा स. न. वि. वि.

पत्र वाचलं, आणि 'माझ्या भावाचा' हे दोन शब्द पुन्हा वाचले. मर्टन माझा नवराही होता, हे तुमच्या लक्षात असेलच.

स्पष्टच लिहिते. रविवार उजाडला की तुम्ही बहीणभाऊ कुणाच्या तरी कोठारात जुनं लोखंड धुंडाळायला जायचात, आणि मी बाहेर ट्रकमध्ये, मांडीवर लायब्ररीचं पुस्तक आणि जाडा शब्दकोश. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचं जे काही वाचलं ते त्या ट्रकमध्ये, तेव्हा तक्रार करू नये. पण तुम्ही दोघं ग्रीसने माखून, एकमेकांची वाक्यं पुरी करत बाहेर यायचात, आणि मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. घरी आल्यावर विचारलं, की मर्टन म्हणायचा, ते अर्डिथला ठाऊक. उभा संसार मी हे 'अर्डिथला ठाऊक' ऐकत केला.

तर बँडसॉ मी देणार नाही. तो मी स्वतः चालू करणार आहे. झाला तर इथेच राहील. नाही झाला तर नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला ट्रेलर आणा, दोर बांधायला मीच हात लावीन.

आणि हो, पावच कापीन.

बरणी भरून पाठवली आहे. राग आहे, पण लोभाला त्याची झळ नको.
आपली,
वर्ना


पाइक्स फेरी
५ ऑक्टोबर १९९८

प्रिय वर्ना हिला,
अनेक आशीर्वाद.

ठरलं. पण यंत्र चालू झालं असं कधी म्हणायचं, ते आमच्या बापाच्या मापाने ठरेल. चालत्या यंत्राच्या टेबलावर पाच सेंटचं नाणं कडेवर उभं करायचं. उभं राहिलं, तर चालू. पडलं, तर ते नुसतं फिरतंय. मर्टननं माझ्याशिवाय हे नाणं कधी उभं केलं नाही. यंत्र सुरू ठेवून मला आणायला गाडी घेऊन यायचा, आणि मी टेबलावर तळवा ठेवून मान हलवली, मगच खिशात हात घालायचा.

ट्रेलरच्या टायरांत हवा भरून ठेवली आहे.

मुरांब्यात यंदा लवंग जास्त झाली. खाते आहे.
जीव लावून ठेवावा,
अर्डिथ


हार्लो मिल्स
१७ ऑक्टोबर १९९८

ती. अर्डिथताईंना,
स. न. वि. वि.

हसू नका.

मी सगळा गंज रॉकेलने पुसून काढला. मग खालच्या चाकाच्या बेअरिंगची टोपणं खोलली. तर दोन्ही बाजूंना तेलात भिजलेल्या तपकिरी कागदाचे तुकडे. उंदरांनी घर केलं असं समजून मी ते स्टोव्हमध्ये टाकले. टोपणं परत आवळली, आणि ढिली राहिली असं तुम्ही म्हणायला नको म्हणून जरा जास्तच आवळली. मोटर लावली, तर पट्टा किंचाळला आणि बेअरिंगमधून धूर. मी ताबडतोब बंद केलं. आता चाक जागचं हलत नाही.

शेजारचा ड्वेन बघून गेला. म्हणाला, असली बेअरिंगं त्याने फक्त आजोबांकडे पाहिली होती, भंगारात द्या. मी त्याला कॉफी दिली आणि वाटेला लावलं.

मर्टन असता तर म्हणाला असता, अर्डिथला ठाऊक. म्हणून तुम्हालाच विचारते आहे. हे लिहिताना हात किती जड झाला ते लिहीत नाही. सांगायचं नसलं तर नका सांगू. गप्प राहण्यात तुमचाच फायदा आहे.

लोभ आहे की नाही ते उत्तरावरून कळेल.
आपली,
वर्ना


पाइक्स फेरी
२३ ऑक्टोबर १९९८

प्रिय वर्ना,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला आधी आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मी ट्रेलर गाडीला जोडून आले.

अगं बाई, ते उंदरांचं घर नव्हतं. ते पॅकिंग. बेअरिंगमध्ये मऊ धातू ओतलेला असतो. टोपणाखाली कागद घालून दांड्याभोवती तेलापुरती जागा ठेवायची असते. ते कागद मी आणि मर्टननं वाण्याच्या पिशवीतून कापले होते, तुझ्या स्वयंपाकघरातल्या कात्रीनं. त्याच्या हातचं शेवटचं काम तू जाळलंस. याची माफी लगेच मिळणार नाही.

आता नीट वाच. धातू काळा पडला असेल तेवढाच हलक्या हाताने खरवड. जुना, कडक तपकिरी कागद घे. दोन्ही बाजूंना सारखेच तुकडे घाल आणि टोपण आवळ. चाक अडलं तर दोन्हीकडे एकेक वाढव. डुगडुगलं तर एकेक काढ. एका बोटाने फिरलं की थांब. मग तेल घाल, थोडं चालव आणि हात लावून बघ. हाताला सोसवेल तितकंच तापलं पाहिजे.

मला हे जळकं यंत्र न्यावं लागू नये म्हणून सांगते आहे, असं समज.

आणि ट्रकचं रडगाणं पुन्हा गाऊ नकोस. नदीकाठच्या त्या गिरणीत एक रंधा मशीन माझ्या हातात आलं होतं, तसं पुन्हा दिसलं नाही. मालकाचं मन अगदी वळत आलं होतं, आणि मर्टन म्हणाला, चल, वर्नाचे पाय गार पडले असतील. मशीन दुसऱ्याने नेलं. नेहमी तेच. कोठारात माझ्याबरोबर उभा, आणि डोळे खिडकीतून ट्रककडे. मला माझा भाऊ एक रविवार सबंध मिळाला नाही.

पुरे. हात दुखला.
अर्डिथ


हार्लो मिल्स
८ नोव्हेंबर १९९८

ती. अर्डिथताईंना,
वर्नाचा स. न. वि. वि.

तरीच कात्री बोथट झाली होती. मी मर्टनला फैलावर घेतलं, तर त्याने तुमचं नाव सांगितलं नाही.

गिरणीचा तो दिवस मला आठवतो. पाय खरंच गार पडले होते. गाडी चालवताना त्याने एका हाताने स्वतःची लोकरी टोपी काढून माझ्या पायांवर टाकली. तुम्ही मध्ये बसला होतात आणि एक शब्द बोलला नव्हतात. मला वाटलं होतं, थकलात.

जुना, कडक तपकिरी कागद घरात एकच निघाला. शब्दकोशाला घातलेलं कव्हर, ट्रकमध्ये हातांनी गुळगुळीत झालेलं. तेच कापलं. आधी तुकडे कमी पडले, चाक अडलं. मग जास्त झाले, डुगडुगलं. दोन्हीकडचा एकेक काढला आणि बोट लावलं, तर चाक फिरलं आणि फिरतच राहिलं. ते थांबेपर्यंत मी उपड्या बादलीवर बसून होते.

काल पट्टी चढवली. यंत्र सुरू करून टेबलावर तळवा ठेवला. तुम्हाला जे समजतं ते मला समजलं नाही, हाताला थरथर अशी काहीच लागली नाही. कदाचित तेच समजायचं असेल. नाणं उभं केलं. उभं राहिलं. मग कबूल केल्याप्रमाणे पाव कापला. थोडा तेलाचा वास येतो, पण सगळे काप सारखे.

थँक्सगिव्हिंगला या. ट्रेलर नको. तळवा तेवढा आणा.

मर्टन असता तर यंत्र तसंच सुरू ठेवून तुम्हाला आणायला नदीपलीकडे धावला असता. मीही गाडीची किल्ली हातात घेतली होती. मग ती खुंटीला लावली आणि हे पत्र लिहायला बसले. टपाल तुमच्याकडे पोचायला दोन-तीन दिवस तरी लागतात. तेवढे दिवस ते नाणं उभं राहिल्याचं अर्डिथला ठाऊक नसेल.

लोभही याच टपालाने पाठवते आहे. उशीर पोटात घालावा.
आपली,
वर्ना