बैठकीच्या खोलीतली बस

४ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

आजीच्या पायाचं प्लास्टर निघालं, पण ती खुर्ची सोडायला तयार नाही. पुन्हा पडण्याची धास्तीच घेतलीय तिने. डॉक्टर म्हणाले, अशीच बसून राहिली तर पाय कायमचा आखडेल. मला भीती वाटते रे. आई आणि मी दिवसभर कामावर, म्हणून तिला गोळ्या-पाणी नेऊन देणारा छोटा रोबो मी करतेय.

घोडं अडलंय चाकांपाशी. रणगाड्यासारखे पट्टे लावून पाहिले, तर वळताना त्यांनी सतरंजी गुंडाळून टेबलासकट ओढत नेली. आता दोन चाकं, दोन्हींना वेगवेगळ्या मोटारी आणि आधाराला एक भिरभिरतं चाक, असा बेत आहे. म्हणजे जागच्या जागी वळेल. तुला काय वाटतं?

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी भाची

९ फेब्रुवारी

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

जागच्या जागी फिरते ती भिंगरी, गाडी नव्हे! उभा जन्म बस चालवण्यात गेला माझा. मागच्या चाकांनी ढकलायचं आणि पुढच्यांनी वळायचं, ही जगाची रीत आहे. रविवारी वळती चाकं घेऊन येतो. अडकलीच तर वाजेल अशी पिपाणी आणि मागे घेण्यासाठी पाठीवर बटणही बसवतो. दोन थापा मारल्या की चालेल, एक मारली की थांबेल. माझ्या आईने, म्हणजे तुझ्या आजीने, कंडक्टर असताना आम्हा ड्रायव्हरांना असंच तर नाचवलं.

माया असू दे, शंका नको.
तुझा मामा

२१ फेब्रुवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी बस अगदी तुझ्यावर गेलीय. सरळ रस्त्यावर मोठा रुबाब, वळायची वेळ आली की बोंब! रोज दिवाण आणि कपाटाच्या मध्ये अडकते आणि पीं पीं करत बसते. शेजारच्या काकू तर विचारून गेल्या, तुमच्याकडे डेपो झालाय का म्हणून. तरी आजीच्या गोळ्या वेळेवर संपतात, हे एक कोडंच आहे. विचारलं तर ती नुसती हसते.

रागावू नकोस, पण रविवारी मी माझ्या दोन मोटारी बसवणार.

रुसलास तरी लोभ राहू दे.
तुझी भाची

२ मार्च

चि. ड्रायव्हरसाहेब यांस,
अनेक आशीर्वाद.

पोरीने चाकं बदलली. आता ते यंत्र गुपचूप येतं, गर्रकन वळतं, पाणी देऊन निघून जातं. फार शहाणं आहे. पण आठवडा झाला, मी पुन्हा खुर्चीला चिकटले.

तुझी बस अडकली की पिपाणी वाजायची. गाडी अडकलेली असताना कंडक्टरने बसून राहायचं? पहिल्या दिवशी काठी घेऊन उठले. मागे उभी राहून दोन थापा दिल्या, येऊ दे, येऊ दे म्हणत तिला बाहेर काढलं. मग रोज उठायला लागले. पडायची भीती कुठे गेली, कळलंच नाही. पोरीला सांगितलं नाही, बिचारी हिरमुसली असती.

तर तुझी चाकं घेऊन ये. आणि आलास की कपाट वीतभर दिवाणाकडे सरकवून जा. शेवटी शेवटी ती मेली बस एका झटक्यात वळायला लागली होती.

माया आहेच, उशीर करू नकोस.
तुझी आई (ड्युटीवर)