सहा महिन्यांपुरते शॉक

शनिवार, ७ फेब्रुवारी २००९

डुप्लिकेट! शेवटी डुप्लिकेटच आणले!

किती दिवस कानीकपाळी ओरडतेय — गाडीचे पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर संपलेत, चाक धरून ठेवणारे लोअर आर्म खिळखिळे झालेत, बदलायचे तर कंपनीचे घाल. दत्तप्रसाद हो हो म्हणाला. आणि आज सकाळी शारजाला जाऊन कुठल्याशा दुकानातून सगळे पार्ट घेऊन, बसवूनच आला. खोक्यावर नाव नाही, गाव नाही. घरात शिरला तो गड जिंकल्यासारखा! "अर्ध्याहून कमीत झालं, छाया! रुपयांत किती वाचले सांगू?" नको सांगूस. सगळ्याचे रुपये करतोस म्हणून तर या देशात आपल्याला पाणीसुद्धा महाग वाटतं.

ओवी म्हणाली, "बाबा, इज इट सेफ?" तर म्हणे, "हंड्रेड पर्सेंट, बेटा." आणि संध्याकाळी गेला त्याच गाडीतून रुवैसला, साइटवर. पोचल्याचा फोन येईपर्यंत मी जेवले नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

राग उतरत नाही.

त्याचं म्हणणं — "इथे राहणारच आहोत किती दिवस? सहा महिन्यांसाठी कंपनीचे शॉक कोण घालतं?" या मंदीत त्याच्या साइटवरून रोज कुणी ना कुणी नोकरी जाऊन घरी परततंय, मला ठाऊक आहे. इथे दुबईत, करामातल्या आमच्या बिल्डिंगमधलेही दोन फ्लॅट रिकामे झाले. पण अरे, ते सहा महिने तरी जगायचेत ना? दर आठवड्याला इथून रुवैस, जाऊन-येऊन सातशे किलोमीटर, ट्रकांच्या रांगेतून! पुण्याच्या फ्लॅटमध्ये चिटपाखरू राहत नाही, तिथे इटालियन मार्बल. आणि स्वतःच्या जिवाला शारजाचं बिननावाचं खोकं!

मंगळवार, १० फेब्रुवारी

फोनवर पुन्हा तेच भांडण. पालथ्या घड्यावर पाणी.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

डावा शॉक गळतोय. तीन आठवड्यांत! पार्किंगमध्ये चाकाखाली हा एवढा तेलाचा डाग. काल रुवैसहून येताना वाटेत तरीफच्या जवळ गाडी एका बाजूला ओढत होती म्हणे. म्हणे काय — हसत सांगितलं! तळपायाची आग मस्तकात गेली. वर आणखी, "बदलून आणतो गं तिथूनच. दुकानदार आता हबीबी म्हणतो मला, जिवलग!" म्हणेल नाही तर काय! असं गिऱ्हाईक त्याला पुन्हा कुठे मिळणार?

बाथरूममध्ये जाऊन रडले. रागाने नाही, भीतीने. ते त्याला कळू दिलं नाही. भीती दाखवली की समजूत घालत बसतो, रागाला निदान उत्तर तरी देतो.

शनिवार, २८ फेब्रुवारी

केलं!

भाजी आणते म्हणून सांगितलं, किल्ली उचलली, थेट अल कूझला राजनच्या गॅरेजमध्ये. शॉक, लोअर आर्म, सगळं कंपनीचं. माझ्या पगारातून. राजन चाचरत म्हणाला, "मॅडम, सर को पूछा?" म्हटलं, "सर को पूछेगी तो सर नहीं बचेगा." हसला आणि कामाला लागला.

काढलेले पार्ट मी डिकीत टाकून घरी आणले. कशाला? टाकवत नाहीत, दुसरं काय! खाली पार्किंगमध्ये धनंजय भेटला. चिपळूणचा, दत्तप्रसादच्याच साइटवर फोरमन, आठवडी सुट्टीला इथे भावाकडे येतो. गाडीही आमच्यासारखीच, आमच्याहून जुनी. डिकीत डोकावून म्हणाला, "वहिनी, टाकणार असाल तर मला द्या. गळका तेवढा सोडला तर बाकी नवेच आहेत की! यल्ला, चला, माझं काम झालं." क्षणभर ओठांवर आलं, नको रे बाबा. पण म्हटलं, इतकी वर्षं गाडी चालवतोय, त्याचं तो बघेल. दिले. डिकी रिकामी झाली आणि कुणाच्या तरी उपयोगीही पडले. बरंच वाटलं.

मग घरात महाभारत. "मला न विचारता?" हो, न विचारता! ओवी हेडफोन लावून बसली. शेवटी दत्तप्रसाद पाय आपटत खाली गेला, गाडीने करामाला एक फेरी मारून आला. जेवताना म्हणाला, "चालतेय मात्र लोण्यासारखी."

जिंकले!

मंगळवार, ३ मार्च

आज फोन त्याने आपणहून केला. "रस्ता सोडत नाही गाडी. बरं केलंस." बायकोचं ऐकायचं असतं हे समजायला सतरा वर्षं! पण समजलं. आज मला शांत झोप लागणार.

शनिवार, ७ मार्च

बाजारातून आले तर आमची गाडी खालीच उभी. वर कोरं कव्हर. दत्तप्रसाद घरात नाही.

फोन लावला. "अगं, एवढे महागाचे शॉक घातलेस, ते दर आठवड्याला कशाला झिजवायचे? आपली ठेवणीत ठेवू. धनंजयबरोबर निघालोय. त्यानेही काल पार्ट बदलून घेतलेत, नुसता खूश आहे! एकशेवीसच्या स्पीडला पण..."

"उतर," मी ओरडले, "आहेस तिथे उतर, ते पार्ट..." फोन कट.

ते मी दिलेत. मी.

लावतेय. लागत नाही.