रस्त्याकडच्या वावरातले खाडे

लिहून ठेवणार: शेषराव निवृत्ती देव्हडे, वय एक्याऐंशी, धंदा शेती, माजी विधानसभा सदस्य, राहणार अमडापूर, तालुका चिखली, जिल्हा बुलडाणा.

कारणे मृत्युपत्र लिहून ठेवतो की, माझे वय झाले आहे, पण डोके ठिकाणावर आहे. चिखलीच्या डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. घरात त्या दाखल्याबद्दल दोन मते आहेत, परंतु कायद्याला डॉक्टरांचे पुरते. हे लिखाण मी कोणाच्या धाकाने वा भुलवणीने करत नाही. चिरंजीव दीपक यांनी रस्त्याकडच्या वावरासाठी गेले वर्षभर माझे मन वळवून पाहिले. ते वळले नाही. यापूर्वी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

१. अमडापूर येथील राहते घर, त्यातील भांडीकुंडी, कपाटे व माझी पेन्शन संपल्यावर जे काही मागे राहील ते, सर्व माझी पत्नी पुष्पाबाई हिच्या मालकीचे राहील. ते विकावे, ठेवावे की कोणाला द्यावे, हे तिने ठरवावे. तिला कोणीही सल्ला देऊ नये. मी आयुष्यभर दिला, तेवढा पुरे.

२. विहिरीकडची जमीन व विहीर चिरंजीव दीपक यांना. बियाण्याचे दुकान त्यांचेच आहे, त्यावर माझा हक्क नाही. दुकानावरच्या पाटीत ‘माजी आमदार यांचे’ असे जे लिहिले आहे ते पुसावे.

३. माझी पुस्तके व सभागृहातील भाषणांचे छापील खंड कन्या निशिगंधा हिला. ती मेहकरला शिक्षिका आहे आणि या मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच राहील. निशिगंधा, खंडांना उन्ह दाखवत जा. त्यातले जिल्हा परिषदेच्या शाळा बंद करू नयेत हे भाषण चांगले आहे. कृषी विद्यापीठाला कपाशीच्या संशोधनासाठी पैसा द्या हे त्याहून चांगले आहे. त्यानंतर काही वर्षांनी दिलेले एक उत्तर आहे, अर्ध्या पानाचे. ते वाचताना मान खाली जाते. पण पान फाडू नये.

४. सत्कारात मिळालेल्या शाली पेटीभर आहेत. त्या हिवरा आश्रमाला द्याव्यात, तिथे थंडीत कोणाच्या तरी अंगावर पडतील. ‘शिक्षणप्रेमी’ असे कोरलेले पितळी ताट मोडीत घालावे.

५. आता रस्त्याकडचे पाच एकर वावर. ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. तिची विल्हेवाट सांगण्याआधी थोडे लिहिणे भाग आहे. वकील म्हणाले, मृत्युपत्रात कारणे लागत नाहीत. मला लागतात.

आमच्या गावच्या गादीवाल्या अब्दुल गनींची मुलगी शाहीन जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली, शिष्यवृत्तीवर कृषी महाविद्यालयात गेली आणि विद्यापीठात कपाशीची संशोधक झाली. मी तिचे नाव प्रत्येक भाषणात घ्यायचो. सरकारने शाळेवर खर्च केला की काय होते ते बघा, गादीवाल्याची पोरगी बघा. तिला ते आवडते का, हे मी कधी विचारले नाही. बापाच्या धंद्याचे नाव घेतले की लोक टाळ्या वाजवत, आणि मला टाळ्यांची सवय झाली होती.

सगळीकडे पाकिटातले बीटी बी लागले होते, आणि ते दरसाल नवीन आणावे लागे. शाहीन असा वाण तयार करत होती की ज्याचे बी शेतकऱ्याने घरी ठेवावे आणि पुढच्या साली पेरावे. त्यासाठी मी सभागृहात भांडून निधी आणला आणि चाचणीला हे वावर दिले. तिसऱ्या वर्षी बाळंतपणासाठी ती अकोल्याला होती. मी मुंबईला अधिवेशनात होतो. दिवाळीआधी आमदारांची समिती वावर पाहायला येणार होती. मी घरी फोन केला आणि पुष्पाबाईला म्हणालो, “कमिटी येऊन राह्यली. वावर डोळ्यात भरलं पाह्यजे. लोकाईले नाव ठेवाले जागा नको.”

ओळीत बी उगवले नाही किंवा रोप मेले की जी मोकळी जागा राहते, तिला आमच्याकडे खाडा म्हणतात. खाड्याखाड्याचे वावर म्हणजे घरधन्याची अब्रू गेली. पुष्पाबाईने अमडापुरातली कोणतीही बाई करील तेच केले. दीपकच्या दुकानातली पाकिटे आणली, चार बाया लावल्या आणि सगळे खाडे भरले.

पोळ्यानंतर शाहीन आली. बांधावर उभी राहून तिने विचारले, “काका, खाडे कोठी गेले?”

मी ऐटीत सांगितले, “भरले बेटा. एकबी सोडला नाही.”

ती बांधावरच बसली. मर रोग लागून जी झाडे जात होती, ती तिला जाऊ द्यायची होती. खाड्याच्या शेजारी जे झाड टिकेल, त्याचे बी ती धरणार होती. आता वावरात दुकानातली कपाशी फुलली होती, मधमाश्यांनी इकडचे पराग तिकडे केले होते आणि तीन वर्षांचे बी भेसळीचे झाले होते. तिने विद्यापीठाला स्वतः तसे कळवले. निधी थांबला. पुढे तिची बदली झाली आणि काम तिथेच राहिले.

सभागृहात त्या चाचणीवर प्रश्न आला, तेव्हा मी उभा राहून म्हणालो, “माझ्या घरच्या बाईमाणसाकडून अजाणता घडले.” सगळे सभागृह हसले. मीही थोडा हसलो. फोनचे मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी ते पेपरात आले आणि वाचनालयात मोठ्याने वाचले गेले. दर साली पहिल्या वेचणीला पुष्पाबाई कपाशीत दहीभात ठेवून सीतादही करायची. त्या सालापासून तिने त्या वावरात पाय ठेवला नाही. मी कारण विचारले नाही, कारण मला ते माहीत होते. मला लाज वाटते. शाहीनसमोर वाटते, आणि पुष्पाबाईसमोर जास्त वाटते.

गेल्या साली गुलाबी बोंडअळीने तालुका धुऊन नेला. लोक ओट्यावर येऊन विचारत, “आमदारसाहेब, ते घरी ठेवाचं बी कुठी हाय?” मी चहा पाजून त्यांना वाटेला लावी.

६. सबब सदर वावर मी कृषी विद्यापीठास कपाशीच्या चाचणीसाठी कायम देत आहे. दीपक यांना तिथे दुकानाचे गोदाम हवे होते. ते होणार नाही. रमजान ईदेला शाहीन माहेरी आली, तेव्हा मी हात जोडून तिला हे सांगितले. ती म्हणाली, “काका, मले वावर नको. मले खाडे पाह्यजेत.” म्हणून अट एकच: या वावरातला खाडा कोणी भरू नये. मंत्री येवो, समिती येवो, रस्त्याने जाणारे हसोत.

विद्यापीठाने वावर न घेतल्यास ते गावच्या जिल्हा परिषद शाळेस द्यावे. अट तीच.

पहिल्या वेचणीचा मान पुष्पाबाईचा राहील. तिने जावे की न जावे, ही तिची मर्जी.

७. माझ्यामागे चौकात फलक लावू नये. शाळेच्या कार्यालयात थोरामोठ्यांच्या तसबिरींची रांग आहे. त्यात एक जागा मोकळी आहे आणि निवृत्त मुख्याध्यापक गुलाबरावांनी माझ्यासाठी तिथे खिळाही ठोकून ठेवला आहे. तिथे माझी तसबीर लावू नये.

हे सर्व मी सही करण्यापूर्वी पुष्पाबाईला वाचून दाखवले. फोनचा मजकूर तिने दुसऱ्यांदा वाचायला लावला. मी वाचला. मग तिने विचारले, “हे लोकाईसमोर वाचतीन?” मी हो म्हणालो.  उठताना ती म्हणाली, “तसबिरीचं लिवलं ते बरं केलं. तो खाडा मी नाही भरत.”

तिचे म्हणणे तिच्या संमतीने इथे नोंदवले आहे.

ठिकाण: अमडापूर
दिनांक: २५ जून २०१८

(सही) शेषराव निवृत्ती देव्हडे

आमच्या दोघांच्या समक्ष वाचून, समजून, राजीखुशीने सही केली:

१. (सही) गुलाबराव त्र्यंबक सुरडकर, निवृत्त मुख्याध्यापक, अमडापूर
२. (सही) कलीम अब्दुल गनी, गादी कारखाना, अमडापूर